रांग रात्रभर चालू द्या

प्रश्न : आम्ही तिघं मिळून मासिक सबस्क्रिप्शनवर चालणारा ऑनलाइन गेम बनवतोय. कौशल्यं घड्याळाच्या वेळेने शिकली जातात, म्हणजे खेळाडू लॉगिन नसला तरी शिकणं चालूच राहतं. सध्या एका वेळी एकच स्किल लावता येतं. पुढची स्किल्स रांगेत लावायची सोय द्यावी असं मला वाटतं. दोघा भागीदारांचं म्हणणं, रांग दिली की लोक महिन्याभराचं लावून जातील आणि फिरकणार नाहीत. तडजोड म्हणून चोवीस तासांची रांग ठेवावी का?

उत्तर : तुमच्या भागीदारांची भीती मला परकी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या टीममध्ये मी हाच मुद्दा मांडला होता आणि सगळ्यांना पटवलाही होता. एकच स्किल, रांग नाही. लोक रोज येतील, असा माझा हिशेब. लोक आलेही. पण यायचे, स्किल बदलायचे आणि लगेच बाहेर पडायचे. मग एक दिवस सपोर्टला एका खेळाडूचं पत्र आलं. बायकोच्या बाळंतपणासाठी तो तीन दिवस दवाखान्यात होता. लावलेलं स्किल पहिल्याच रात्री संपलं, उरलेले दिवस रिकामे गेले. त्याने विचारलं होतं, ‘या दिवसांचे पैसे मी भरलेत, ते दिवस परत मिळतील का?’ उत्तर लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मला त्याला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. खेळाडूने वेळेचे पैसे भरले आहेत. तो झोपला, आजारी पडला, घरच्या कामात अडकला म्हणून ती वेळ त्याच्याकडून काढून घेऊ नये.

या पद्धतीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळयानांचा गेम. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने तो मे २००३ मध्ये आणला, तेव्हा तुमच्यासारखंच एका वेळी एक स्किल होतं. रात्री मोठं स्किल लावायचं, दिवसा छोटी उरकायची, मध्येच संपणार असेल तर गजर लावून उठायचं, अशी खेळाडूंची दिनचर्या झाली होती. मार्च २००९ च्या ‘अपोक्रिफा’ विस्तारात रांग आली, चोवीस तासांची. मात्र त्या नियमातली खुबी नीट बघा. पुढचं स्किल चोवीस तासांच्या आत *सुरू* व्हायला हवं, एवढीच अट होती. ते *संपायला* महिना लागला तरी चालायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तीही अट गेली आणि लांबलचक रांग लावता येऊ लागली. गेम ओस पडला नाही, आजही चालू आहे.

आता तुमच्या भागीदारांसमोर कागद-पेन्सिल घेऊन एक गणित मांडा, कारण खरा मुद्दा त्यात आहे. ईव्हमध्ये साध्यातल्या साध्या स्किलच्या पाच पातळ्या गाठायला सुरुवातीपासून एकूण अनुक्रमे २५०, १,४१४, ८,०००, ४५,२५५ आणि २,५६,००० पॉइंट लागतात. प्रत्येक आकडा आधीच्या साडेपाच पटीहून थोडा मोठा. प्रत्येक स्किलला पात्राचे दोन गुण (बुद्धी, स्मरणशक्ती वगैरे) लागू होतात, एक मुख्य आणि एक दुय्यम; मिनिटाला मिळणारे पॉइंट म्हणजे मुख्य गुण अधिक दुय्यम गुणाचा अर्धा भाग. दोन्ही गुण २० धरले तर मिनिटाला ३०. मग आधीच्या पातळीपासून पुढचेच पॉइंट मोजले तर पहिली पातळी सुमारे ८ मिनिटांत होते, दुसरीला ३९ मिनिटं, तिसरीला साडेतीन तासांहून थोडं जास्त, चौथीला जवळपास २१ तास आणि पाचवीला ४ दिवस २१ तास. आठपट अवघड स्किल असेल तर एकट्या पाचव्या पातळीला ३९ दिवस.

रांग नसेल तर यात कोण भरडलं जातं? जुना खेळाडू ३९ दिवसांचं स्किल लावून निवांत झोपतो. दर आठ मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी धावत यावं लागतं ते नव्याला, ज्याला अजून गेमची गोडीही लागलेली नाही. म्हणजे रांग न देण्याचा भार नेमका त्याच्यावर पडतो ज्याला तुम्ही टिकवू पाहता. मला हे फार उशिरा कळलं.

म्हणून चोवीस तासांची तडजोड करू नका. पैसे भरणाऱ्याला हवी तेवढी लांब रांग द्या. पुढे फुकट खेळणाऱ्यांसाठी दार उघडलंत तर त्यांच्यासाठी छोटी मर्यादा रास्त आहे. लोकांनी रोज यावं असं वाटत असेल तर त्यासाठी बाजार आहे, लढाया आहेत, सोबतीला माणसं आहेत. ते काम मेन्यूवर सोपवू नका.

बांधणीतल्या काही गोष्टी इथेच सांगते. दर सेकंदाला प्रत्येक पात्राचे पॉइंट वाढवत बसू नका. सुरुवातीची वेळ आणि वेग साठवा, गरज पडेल तेव्हा हिशेब करा. मात्र मध्येच वेग बदलला तर आधी तोवरचे पॉइंट जमा करून घ्या, मगच नवा वेग लावा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. रांगेचा क्रम बदलला तरी अर्धवट शिकलेलं वाया जाता कामा नये. एखादं पायाभूत स्किल काढलं तर त्यावर अवलंबून असलेली पुढची कोणती अडतील, ते तिथल्या तिथे दाखवा. संपण्याची वेळ खेळाडूच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे, तारखेसकट लिहा.

आणि शिकण्याचा वेग वाढवणारी स्किल्स ठेवायचा मोह टाळा. ईव्हमध्ये ती होती. नव्या खेळाडूला सगळे आधी तीच शिकायला सांगत, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे नवं यान न चालवताच जात. डिसेंबर २०१० मध्ये ती काढून टाकली आणि त्यात घातलेले पॉइंट खेळाडूंना परत दिले.

प्रश्न : खेळाडूचं सबस्क्रिप्शन संपलं तर रांगेचं काय करावं? चालू असलेलं स्किल तरी पूर्ण होऊ द्यावं का?

उत्तर : नाही, थांबवा. ईव्हमध्ये एके काळी चालू स्किल खातं बंद पडल्यावरही पुढे सरकत असे. मोठं स्किल लावून पैसे थांबवायचे, याला खेळाडू ‘घोस्ट ट्रेनिंग’ म्हणत. पुढे ते बंद झालं आणि मला ते योग्य वाटतं, कारण दर महिन्याला पैसे भरणाऱ्यावर तो अन्याय होता. पण थांबवणं आणि पुसणं यात फरक करा. पॉइंट, अर्धवट स्किल, रांगेचा क्रम, सगळं जसंच्या तसं ठेवा. मुदत संपण्याच्या काही दिवस आधी ईमेल पाठवा आणि कोणतं स्किल कुठे थांबणार आहे ते त्यात लिहा. खेळाडू परत येऊन पैसे भरेल त्या क्षणी रांग आपोआप सुरू होऊ द्या, त्याला ‘सुरू करा’चं बटण शोधायला लावू नका.