पेंटिंग करू की कलाशिक्षण?

प्रश्न : सर, बी.एफ.ए. पेंटिंग आणि मग डिप. ए. एड. (कलाशिक्षणाची पदविका) करून मी पाच वर्षं गडहिंग्लज भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षं रजा काढून पुढं शिकायचं मनात आहे. बडोद्याला पेंटिंगमध्ये मास्टर्स करू, की दिल्लीला जामिया मिलिया विद्यापीठात कलाशिक्षणातलं एम.एफ.ए.? घरचे म्हणतात, काहीही केलंस तरी परत तोच खडू आणि तोच फळा. आणखी एक : पाचवीत भरभरून काढणारी मुलं सातवीत ‘बाई, मला येत नाही’ म्हणतात. असं का होतं?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, घरच्यांचं अगदीच चूक नाही. पगारात काय फरक पडेल ते रजेचा अर्ज करण्याआधी संस्थेच्या हेडक्लार्ककडून आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. आमच्या वेळी मी जी.डी. आर्ट या सरकारी डिप्लोमाच्या जोरावर एका विद्यापीठाच्या खिडकीवर गेलो, तर ‘हा डिप्लोमा, डिग्री कुठाय?’ म्हणून फॉर्म परत आला. तुमच्याकडे डिग्री आहे, तो घोर नाही. पुढं कॉलेजात शिकवायचं असेल तर मास्टर्सला ५५ टक्के आणि व्हिज्युअल आर्टची नेट ही पात्रता परीक्षा, एवढं ध्यानात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शेवटी ‘आणखी एक’ म्हणून जे लिहिलंत ना, तोच तुमचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पेंटिंगच्या स्टुडिओत मिळायचं नाही. बडोद्याची फॅकल्टी १९५० पासूनची, तिथं तुमचा स्वतःचा हात आणि नजर तयार होईल. ती भूक असेल तर खुशाल जा. पण सातवीतलं पोर का थांबतं, हा कलाशिक्षणाचा विषय.

माझी एक चूक सांगतो. तिसरीतल्या एकानं एस.टी. काढली होती, चारही चाकं दिसणारी, दोन वर आणि दोन खाली, जणू गाडी उलगडून ठेवलीय. मी वरची दोन खोडायला लावली. पुढच्या वर्षी त्याच्या वहीत दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी, बाकी काही नाही. पुष्कळ वर्षांनी, मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे लोवेनफेल्ड वाचताना कळलं, की त्या वयाची मुलं दिसतं तसं नाही, ठाऊक असतं तसं काढतात. पुढं नवव्या-दहाव्या वर्षापासून ‘खऱ्यासारखं’ जमावं असं त्यांना वाटू लागतं, हात तेवढा चालत नाही, आणि मग ‘येत नाही’ सुरू होतं. त्याच वेळी आपण एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेतल्या वस्तुचित्रासाठी पेन्सिल डोळ्यासमोर धरून मापं घ्यायला शिकवतो. परीक्षा वाईट नाही, मीही शेकड्यांनी मुलं बसवली. पण सगळा तास तिलाच दिला की आधीच बिचकलेलं पोर आणखी बिचकतं.

म्हणून माझं मत जामियाकडं झुकतं. मात्र नावावर जाऊ नका. एकदा दिल्लीला जाऊन या, लायब्ररीत मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बघायला मागा. त्यात मुलांची चित्रं आहेत की नुसत्या व्याख्या? शाळेत किती आठवडे पाठवतात? कुणी मागून बसून तुमचा तास बघतं का? या तिन्हींची उत्तरं गोलगोल आली तर सरळ बडोद्याची गाडी धरा आणि मुलांचा अभ्यास घरी करा. मधे एकदा वर्ध्यालाही जाऊन या. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामला, गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवत होते. इतक्या जवळ हे झालं आणि आमच्या डिप्लोमात त्यांचं नावही नव्हतं!

कुठंही जा, यंदापासून एक करा. पाचवी ते सातवीची थोडी चित्रं जपा, मागं तारीख आणि मुलाचं वय लिहा, आणि काढताना ते जे बोललं तेही. मुलाखतीला तो गठ्ठा घेऊन जा. फक्त शाळेच्या माळ्यावर ठेवू नका. माझे आठ वर्षांचे गठ्ठे उंदरांनी खाल्ले.