पॉलीअ‍ॅक्रिलामाइडचं हायड्रोलिसिस ७० टक्क्यांच्या आसपास का अडतं?

हायड्रोलिसिस म्हणजे इथे पॉलिमरच्या साखळीवरचे अमाइड गट (–CONH₂) बदलून आम्लाचे गट (कार्बॉक्सिलेट) करणं. तुम्ही लिहिलंय की पॉलीअ‍ॅक्रिलामाइड कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) तासन्‌तास तापवूनही आयआरमधला (अवरक्त वर्णपटातला) अमाइडचा पट्टा पुरता जात नाही, आणि आता कॉस्टिक दुप्पट करू का असं विचारलंय. करून बघा, थोडा फरक पडेल. पण खरी अडचण प्रमाणाची नाहीच.

एक ग्रॅम पॉलिमरमध्ये साधारण १४ मिलिमोल अमाइड गट असतात, म्हणजे हिशेबाने ०.५६ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. सुरुवातीला काम झपाट्याने होतं: अमोनियाचा भपका येतो (फ्यूम हूडमध्येच करा), फ्लास्कच्या तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस बघता बघता निळा होतो. मग वेग मंदावतो आणि रूपांतर ७० टक्क्यांच्या आसपास अडतं. अमाइडचा कार्बॉक्सिलेट झाला की साखळीवर त्या जागी ऋण भार येतो. ज्या अमाइडच्या दोन्ही अंगांना असे शेजारी येऊन बसले, त्याच्याकडे ऋणभारित हायड्रॉक्साइड फिरकेनासा होतो. मीठ घातलं तर हा भार थोडा झाकला जातो, एवढंच.

द्रावण मध्येच घट्ट झालं तर घाबरू नका. सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळी ताणली जाते, म्हणून ते दाटतं. थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की पुन्हा पातळ होतं.

तीव्र आम्लात तापवण्याचा मार्ग मात्र सुचवणार नाही. तिथे शेजारचे दोन गट जुळून इमाइडचं कडं तयार होतं आणि पॉलिमर साक्याच्या (न विरघळणाऱ्या गाळाच्या) रूपात बाहेर पडतो. आणि हे सगळं नायलॉनला लावू नका. त्यात अमाइड मुख्य साखळीतच असतं, हायड्रोलिसिस केलं की साखळीच तुटते.

शंभर टक्के आम्लच हवं असेल तर माझ्या मते सरळ अ‍ॅक्रिलिक आम्लाचं पॉलिमरीकरण करा. हायड्रोलिसिसचा खरा उपयोग अर्धवट रूपांतरासाठी. राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात तेल पुढे रेटायला पाण्यात मिसळतात तो असाच अंशतः हायड्रोलाइज्ड माल. अशा कामाला बहुधा २५ ते ३५ टक्के पुरतात. त्याहून फार वाढलं आणि पाण्यात कॅल्शियम असलं, तर साका बसतो.

आणि रूपांतर नेमकं किती झालं हे आयआरवरून ठरवू नका, पट्टे एकमेकांवर चढतात. डायलिसिस करून (पातळ पडद्यातून पाण्यात झिरपू देऊन) अमोनिया घालवा, वाळवा आणि केल्डाल पद्धतीने नायट्रोजनचं प्रमाण मोजा. मूळ पॉलिमरमध्ये तो १९.७ टक्के असतो; तो किती घटला यावरून रूपांतर कळतं. सोडियम क्षार झाल्यामुळे वजन वाढतं, तेवढं हिशेबात धरा.