तिसरीला नकाशा शिकवताना

मॅडम, भिंतीवरचा नकाशा पहिल्याच दिवशी उघडू नका. टांगलेला नकाशा बघून उत्तर दिशा म्हणजे छत, असं पोरं धरून बसतात. आधी खडूने जमिनीवरच वर्ग काढा: फळा, दार, खिडक्या. जमिनीवरची उत्तर खऱ्या उत्तरेकडेच हवी. पोराला त्यात उभं करून विचारा, ‘दार कुठल्या हाताला?’ प्रमाणाची घाई नको, पावलं मोजली तरी पुष्कळ.

नदी मात्र सावकाश घ्या. नदी नकाशात वरून खाली वाहते, हा समज आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात लगेच मोडतो. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, म्हादई पश्चिमेला गोव्यात. दोन्ही बोटाने गिरवून घ्या. गावांची नावं कन्नडमध्ये छापलेली असतील तर पोरंच वाचून दाखवतील, कदाचित तुमच्यापेक्षा भरभर.