फिल्टर आणि फीड पंपाचं काम झाल्यावर ट्रक सुरू होत नाही, एअर कशी काढावी?

तुम्ही लिहिलंय की फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून आणणारा) आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदलल्यापासून ट्रक सुरूच होत नाही, सेल्फ मारून मारून बॅटऱ्या बसत आल्यात, आणि आता एअर नक्की कशी काढायची ते कळत नाही. आधी सेल्फ मारणं थांबवा. मी मोठ्या गाड्यांच्या इंजिनांवरच काम करतो. फिल्टर बदलताना हाय प्रेशर पंप (इंजिनात जोराने डिझेल ढकलणारा) खराब होत नाही, त्यानंतर कोरडा फिरवत राहिल्याने होतो.

या पंपातल्या प्लंजरला, म्हणजे आतल्या दट्ट्याला, जी फट असते ती जेमतेम काही मायक्रॉनची, आणि तिथे वंगण म्हणून डिझेलच असतं. लाईनमध्ये हवा असताना पंप फिरवला की धातूवर धातू घासतो. वर इंजिन सुरूही होत नाही, कारण हवा दबते. प्लंजर ढकलतो, हवा आक्रसते, प्लंजर मागे आला की पुन्हा पसरते. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर, उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

टाकीत किमान पाव भाग तरी डिझेल आहे ना ते बघा, आणि गाडी उतारावर उभी असेल तर सपाट जागी घ्या. मग हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल भरायचा छोटा पंप. तो बहुधा वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) डोक्यावर किंवा फीड पंपाला असतो. आट्यांचा असेल तर फिरवून मोकळा करा. फिल्टर हेडवरचा एअर स्क्रू एक-दीड आटे सैल करा, खाली फडकं धरा आणि शांतपणे पंप मारत राहा. सुरुवातीला तळहाताला काहीच लागत नाही, नुसतं पोकळ वाटतं. मग स्क्रूतून फसफसून पांढरा फेस येतो. तो पाहून बरेच जण स्क्रू आवळतात, तिथेच चुकतं. फेसानंतर बुडबुडे येतात, थोडं थांबून पुन्हा येतात, आणि मग एकसंध, स्वच्छ धार लागते. धार चालू असतानाच, प्रायमर दाबलेला ठेवून स्क्रू आवळा. त्यानंतर प्रायमर हाताला घट्ट लागला पाहिजे. नवे फिल्टर पूर्ण रिकामे असतील तर याला शंभर-दोनशे वेळा दाबावं लागतं, कंटाळू नका.

पुढचं काम तुमचं इंजिन कोणतं यावर आहे. जुना इनलाईन पंप (प्रत्येक नोझलला वेगळा प्लंजर असलेला) असेल तर त्याच्या डिझेल गॅलरीवरही, म्हणजे पंपात डिझेल साठतं त्या भागावरही, एअर स्क्रू असतो, तिथली हवा याच पद्धतीने काढा. तरीही सुरू झालं नाही तर दोन-तीन नोझलच्या टोकाचे पाईप नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल उसळायला लागलं की आवळा. चेहरा आणि हात लांब ठेवा.

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं इंजिन) असेल तर मात्र हे अजिबात करू नका. तिथला दाब १,६०० बार आणि त्याहूनही जास्त असतो. ती बारीक धार कातडीतून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण डिझेल आत पसरत जातं आणि ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते. हाय प्रेशर पाईपना हात लावायची गरजही नसते, कारण पंपापर्यंत डिझेल भरून पोचलं की उरलेली हवा रिटर्न लाईनने टाकीत जाते. टाकीत किंवा लाईनवर इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा, पंपाचा आवाज थांबला की बंद करा, असं पाच-सहा वेळा. आणि शेवटचा बारीक फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका. ओतलेलं डिझेल न गाळता थेट इंजेक्टरकडे जातं. भरायचाच असेल तर पहिला, तोही बाहेरच्या लहान भोकांतून.

आता चार्ज केलेल्या बॅटरीवर सेल्फ मारा, एका वेळी १५-२० सेकंद, मध्ये २ मिनिटं थांबून. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, ईथरचा फवारा कोणी सुचवला तर नाही म्हणा. त्या वाटेत हवा गरम करणारा हीटर असलेल्या इंजिनात तिथेच भडका उडू शकतो. सुरू झाल्यावर थोडा वेळ खडखडेल, आचके देईल. पाच-दहा मिनिटं हलक्या रेसवर चालू द्या आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडं फडकं फिरवून बघा.

एवढं करूनही चालू होऊन बंद पडत असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. टाकीपासून फीड पंपापर्यंत लाईनमध्ये ओढ असते, त्यामुळे तिथल्या फटीतून डिझेल ठिबकत नाही, हवाच आत जाते; वरून सगळं कोरडं दिसतं. एक गाडी माझ्याकडे अशीच आली होती, संध्याकाळी धडधाकट, सकाळी मेलेली. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवलं, तर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची रांगच लागलेली. फिल्टर उघडला तेव्हा जुनी रबरी रिंग हेडलाच चिकटून राहिलेली आणि नवी तिच्यावर बसवलेली. तुम्हीही दोन्ही फिल्टरांच्या रिंगा आधी तपासा, आणि बँजो बोल्टचे (डिझेलचे पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुनेच वापरले असतील तर बदला.

रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सेल्फ मारून बघा. लगेच उचलली तर हवा निघाली. बराच वेळ फिरावं लागलं तर रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतंय, तेव्हा रिंगा आणि वॉशरांबरोबर फीड पंपातला वाल्व्हही बघायला सांगा.