बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा शोध पुण्यात बसून कसा घ्यावा?

पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ एवढंच घरात सांगतात, गाव पुरंदर तालुक्यातलं आणि हाताशी फक्त एक पदक. यावरून त्यांची आणि त्यांच्यामागे राहिलेल्या माणसांची माहिती कशी काढावी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आजीच्या वडिलांचा शोध मी जवळपास एवढ्याच सामग्रीवर घेतला. आमचं गाव खेड तालुक्यातलं. त्या अनुभवावरून सांगते: पलटणीच्या कागदांत शिपाई सापडतो, त्याचं घर सापडतं ते तहसील कचेरीत. बरेच लोक पहिल्या कागदांमागे थकून जातात आणि कचेरीकडे फिरकतच नाहीत.

तरी सुरुवात पदकापासूनच करा. गोल पदक असेल तर त्याची कडा, तारा असेल तर मागची बाजू भिंगाखाली धरा. तिथे इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. कृपा करून ते पदक ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असेल तर ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. ते सहसा चांदीचं असतं. तुमच्याकडचं हेच पदक ब्राँझचं निघालं तर पणजोबा बहुधा बंदूकधारी शिपाई नसून मजुरांच्या किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या तुकडीत असतील. अशा माणसांनीही तेच ऊन आणि तीच उपासमार सोसली, तेव्हा त्यांचा शोध तितक्याच आस्थेने घ्या. नंबर टिपताना पलटणही टिपा, कारण प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे असत आणि एकच नंबर दोन-चार पलटणींत सापडू शकतो.

पदकावर १०३, ११० किंवा ११७ मराठा असं काही निघालं तर कूतचा वेढा नक्की वाचा. मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा जिथे आहे त्या आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’ होतं आणि या तिन्ही पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसच्या काठी कूत अल अमारा इथे तुर्की सैन्याने ही फौज वेढली. अन्न संपलं, सुटकेचे प्रयत्न फसले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यातले पुष्कळ जण वाटेतच गेले. ‘आलेच नाहीत’ या दोन शब्दांच्या पोटात एवढं सगळं असू शकतं. अर्थात मराठा पलटणीच तेवढ्या होत्या असं नाही. १९१७ मध्ये १११ महार ही पलटणही उभी राहिली होती. म्हणून पदक काय सांगतं ते पाहूनच पुढे जा.

मृत्यू लढाईत, आजारात किंवा कैदेत झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर शोधा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू त्यात धरलेले आहेत. पुणे तिथे ‘पूना’ आहे आणि गावांची स्पेलिंगं त्या वेळच्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. आडनाव कधी असतं, कधी नसतं. म्हणून नावाआधी पलटण आणि नंबर टाकून बघा. खेड तालुका पुण्यात आहे तसा रत्नागिरीतही आहे, मला त्यामुळे प्रत्येक नोंदीचा जिल्हा तपासावा लागला. नशीब असेल तर नोंदीत बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गावही मिळतं. इराकमध्ये गेलेल्यांची नोंद बहुधा बसरा मेमोरियलखाली असते. त्या स्मारकावर ४०,५०० हून अधिक जणांची आठवण आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं तिथल्या दगडावर कोरलीच नाहीत, नुसते आकडे कोरले. नावं राहिली वहीत. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने हा भेदभाव मान्य केला. मला आजही त्याचा राग येतो, आणि म्हणूनच ज्याला जमेल त्याने आपल्या घरातलं नाव शोधून काढावं असं वाटतं.

खडकीच्या वॉर सिमेट्रीत हेलपाटा घालू नका. तिथलं १९१४-१८ चं स्मारक भारतात मरण पावलेल्या आणि नागरी किंवा छावणीतल्या दफनभूमींत पुरलेल्या सैनिकांचं आहे. बसऱ्याला गेलेला माणूस तिथे मिळायचा नाही.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला एक पत्र जरूर टाका. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले: १०३ ची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. पत्रात जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहा. मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाची सेवापुस्तिका मिळेल या आशेवर फार विसंबू नका.

आता घराकडे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने आली, म्हणजे तुमचे पणजोबा गेले तेव्हा जमिनीची नोंद ठेवण्याची पद्धत गावोगाव रुळत होती. जमीन असेल तर ‘मयत अमुक यांचे वारस’ असा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, कुठेतरी पडलेला असणार. सासवडच्या तहसील कचेरीत अभिलेख कक्षाकडे अर्ज करून त्या जमिनीचे सर्वांत जुने सातबारे आणि फेरफार मागा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही आहेत. आमच्या फेरफारात आजीच्या भावाचं नाव होतं, पुढे ‘अज्ञान’, म्हणजे वयात न आलेला, आणि ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती आई. पणजीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचलं. घरात ती फक्त ‘थोरली आई’ होती. आजीचं, म्हणजे मुलीचं, नाव मात्र त्या कागदात कुठेच नव्हतं.

पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर दिसलं नाही तर घाबरू नका. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचं एकट्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागे आणि धाकटे त्याच्यामागे झाकले जात. त्या थोरल्या भावाचे वारस शोधले की तुमची भावकी उलगडते.

मुली आणि सुना शोधायच्या तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. त्यात मुलीचा जन्म बापाच्या नावासह येतो. विधवेने पाट लावला असेल तर सासरच्या कागदांतून ती नाहीशी होते, मग तिच्या माहेरच्या गावाचे कागद काढावे लागतात. आमच्या पणजीची धाकटी लेक, म्हणजे आजीची बहीण, मला अशीच कोतवाल बुकात भेटली. तिची नातवंडं आज हडपसरला राहतात आणि आमचं येणंजाणं सुरू झालंय.

एक जागा लोकांच्या ध्यानात येत नाही. देह हाती न लागता गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाची नामावळी असू शकते. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते तिथे कळतं.

हे जुने कागद पुष्कळसे मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्ह्यांनी जुनी दप्तरं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकली आहेत, तीही चाळा. मोडी वाचून देणारी माणसं पुण्यात मिळतात, सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. खरं तर स्वतःच शिका. अर्ध्या पानाचा फेरफार आपल्या डोळ्यांनी लावता येतो तेव्हा दुसऱ्याने वाचताना गाळलेली नावंसुद्धा दिसतात, आणि गाळली जातात ती बहुधा बायकांचीच.

सध्या पदकाच्या कडेवर काय आहे ते जसंच्या तसं, तुटक असलं तरी, खाली लिहा. पलटण ओळखता आली तर ती कुठे लढली आणि पुढे काय वाचायचं ते मी सांगेन.