पुरुषांचा ३८ घेऊ नका

तुमची पोस्ट वाचली. पायाचा नंबर ३६, हायब्रिड सायकल, रविवारी मुलुंडहून घोडबंदरपर्यंत जाता, आता पहिले क्लीटवाले सायकलचे शूज, म्हणजे तळाला बोल्टने लावलेला छोटा तुकडा (क्लीट) पेडलमध्ये अडकतो ते, आणि त्यांचे पेडल घ्यायचेत. आणि दुकानदार म्हणतो, "मॅडम, लेडीजमध्ये माल येत नाही, जेन्ट्सचा ३८ घेऊन टाका, आत इनसोल टाकून देतो." हेच वाक्य मी पश्चिम उपनगरातल्या एका दुकानात ऐकलंय, 'घेऊन टाका'सकट. म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

सॅडलची उंची, हेल्मेट, दिवे हे सगळं तुम्ही करून झालेलं असणार, त्यात शिरत नाही.

तर ते ३६ आणि ३८. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिमी. दोन नंबर म्हणजे तेरा मिमीच्या वर. चालायच्या बुटात तेवढं चालून जातं, जाड मोजे घातले की झालं. क्लीटच्या बुटात नाही चालत. कारण क्लीट बसवायच्या खाचा सोलमध्ये बुटाच्या लांबीच्या हिशोबाने पाडलेल्या असतात. ३८ च्या बुटातल्या खाचा ३८ च्या पायाच्या चवड्याखाली येतात. तुमचा पाय ३६ चा, टाच मागे टेकलेली, म्हणजे तुमचा चवडा त्या खाचांच्या मागे राहणार. क्लीट कितीही मागे सरकवली तरी ती बोटांकडे झुकलेलीच. मग बोटं बधिर होतात, पोटऱ्या भरून येतात आणि प्रत्येक चढाला टाच बुटातून उचलली जाते. इनसोलने लांबी कमी होत नाही हो. इनसोल पाय वर उचलतो, म्हणजे वरून बूट आवळतो आणि टाच तिच्या खोबणीतून बाहेर येते. एकाच बुटात पुढे मोकळं आणि वर घट्ट. हे दुकानदाराला कळत नाही असं नाही, त्याच्याकडे ३६ पडून नाही एवढंच.

आता माझा किस्सा. नाव घेणार नाही, दुकानाचंही नाही आणि त्यांच्या त्या 'ग्राहक सेवा' विभागाचंही नाही. पण पैसे आणि रविवार दोन्ही गेले ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

मी बूट घालून पाहिले, बसून. उभी राहून दोन पावलं टाकणार, तेवढ्यात सेल्समन म्हणाला, "क्लीट फिटिंग फ्री आहे मॅडम, लगेच करून देतो," आणि बूट मागे मेकॅनिककडे गेले. मी बिल करेपर्यंत क्लीट्स कचकचून आवळून तयार. कौतुकाने दाखवलंसुद्धा. पहिल्याच राइडला ठाण्याच्या पुढे उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट गायब. म्हणजे होती, पण जाणवत नव्हती. बूट काढून फुटपाथवर बसले तेव्हा हळूहळू मुंग्या आल्या.

दुकानात परत गेले. मॅनेजरने बूट उलटा केला, ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि अंगठ्याने सोल चाचपला. क्लीटच्या पाठीला बारीक दाते असतात, ते नायलॉनच्या सोलमध्ये रुतून बसावेत म्हणूनच असतात. बोल्ट आवळला की त्यांचे वळ उठतात, अगदी पहिल्या मिनिटाला, बूट जमिनीला न लागता. त्याने ते वळ मला दाखवले आणि म्हणाला, "हा यूज्ड माल आहे." मी म्हटलं, हे तुमच्याच माणसाने केलंय. तो म्हणाला, "फिटिंग कस्टमरच्या सांगण्यावरून होतं." झालं.

मग ग्राहक सेवा. आधी फोटो पाठवा. पाठवले. सोलचे वेगळे पाठवा. पाठवले. मूळ बिलाची प्रत. पाठवली. मग मेल आली की तुमची तक्रार 'रिझॉल्व्ह' झाली आहे. कशी झाली म्हणून फोन केला, तर पंधरा मिनिटं ती टुणटुणणारी धून आणि मग एक मुलगी म्हणाली की दुकानाशी बोला. दुकान म्हणालं हेड ऑफिसशी बोला. शेवटी एक क्रेडिट नोट मिळाली, बिलाच्या निम्म्याहून कमी रकमेची, तीही 'फुटवेअर सोडून' वापरायची. म्हणजे बुटांच्या तक्रारीबद्दल मला पाण्याच्या बाटल्या घेता येणार होत्या. आजही लिहिताना डोकं तापतंय.

यातून दोन गोष्टी उचला. एक, क्लीट दुकानात लावू देऊ नका. गोड बोलून सांगा, "घरी लावते." बूट क्लीटशिवाय घरी न्या, संध्याकाळी तासभर घालून घरातच वावरा, भिंतीला धरून चवड्यावर उभ्या राहा. दुखलं, तर सोल कोरा आहे, परत द्यायला तोंड आहे. ऑनलाइन घेतलेत तरी हेच. खोकं, टॅग, आतला कागद, सगळं जपून ठेवा. दोन, पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या की नंबर बदलून मिळेल आणि किती दिवसांत. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

(कोणी सांगेल की ग्राहक कायदा आहे. आहे. २०१९ च्या कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित प्रथा म्हटलीय. पण नंबर चुकीचा असणं म्हणजे माल सदोष असणं नव्हे, तिथे गाडी अडते. मी वकील नाही. दाद मागायची असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मी तिथे गेले नाही, वैतागून सोडून दिलं.)

माप कसं घ्यायचं. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि राइडमध्ये, त्यातही आपल्या दमट हवेत, तो आणखी सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. मग चवड्याची रुंदीही मोजा, हे कोणीच करत नाही. प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात कोणता नंबर किती सेंटिमीटरला हे दिलेलं असतं, आणि ते एकमेकांशी जुळत नाही. म्हणून 'माझा नंबर ३६' हे वाक्य विसरा. 'माझा पाय इतके सेंटिमीटर' हे लक्षात ठेवा.

'लेडीज' बुटाबद्दल माझं मत जरा आगाऊ आहे. पायाचा साचा खरंच वेगळा असेल, म्हणजे टाच अरुंद असेल, तर त्याला अर्थ आहे. नाहीतर पुरुषांचाच बूट लहान करून त्याला जांभळी पट्टी लावतात. दुसरी अडचण आपली. आयुष्यभर चपला आणि सँडल घातलेले पाय पुढे पसरट असतात, निदान माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींचे आहेत. टाच बारीक, चवडा रुंद. अशा पायाला अरुंद लेडीज बूट करंगळीला चावतो आणि पुरुषांचा बूट टाचेला सुटतो. काही कंपन्या 'वाइड' साचा काढतात, तो ३६ मध्ये मिळवायला वाट पाहावी लागली तरी पाहा. जिच्या पायाचा नंबर ३९-४० आहे तिने खुशाल पुरुषांचे घालून बघावेत, तिथे पर्याय भरपूर आहेत. तुमचं तसं नाही.

बंद कसला असावा? वेल्क्रो. पहिल्या जोडीला पुरे. फिरकीचे बंद, म्हणजे बटण फिरवून तार आवळायचे, छान असतात, पण तुटले की सुटा भाग शोधत बसावं लागतं.

आता पेडल. तुम्ही विचारलंय की रोड-बाइकवाल्यांसारखे तीन बोल्टचे, म्हणजे ज्यांची क्लीट बुटाला तीन बोल्टने लागते ते, घेऊ का. माझं उत्तर नाही. तीन बोल्टची क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि सोलच्या बाहेर आलेली असते. बिल्डिंगच्या लॉबीतल्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर ती काय करते ते एकदा बघा. शिवाय घोडबंदरला चहाला थांबलात, चार पावलं चाललात की ती झिजते. दोन बोल्टची, म्हणजे सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये आणलेली एसपीडी पद्धत, हिच्यात क्लीट लहान, धातूची आणि रबरी सोलच्या आत दडलेली. माणसासारखं चालता येतं. हायब्रिडवर ट्रेकिंगच्या बुटांसारखा दिसणारा दोन बोल्टचा बूट घ्या. घेण्याआधी सोलवरची भोकं मोजा, कारण तीन भोकांच्या बुटाला दोन बोल्टची क्लीट थेट लागत नाही. दुकानात पेडल एका जातीचं आणि बूट दुसऱ्या जातीचा गळ्यात मारल्याच्या कथा कमी नाहीत.

तीन बोल्टवरच जीव जडला असेल, तर निदान क्लीटचा रंग बघा. ढील म्हणजे क्लीट अडकलेली असतानाही पाय जेवढा वळू शकतो तेवढी मोकळीक. शिमानोत पिवळी ६ अंशांची ढील देते, निळी २ अंशांची, लाल अजिबात नाही. पहिल्या जोडीला पिवळी. ढील नसेल आणि क्लीट केसभर तिरकी लागली असेल, तर पाय वळत नाही आणि ते गुडघा सोसतो. गुडघा आधीच दुखत असेल, तर हे माझं वाचू नका, फिजिओला दाखवा.

एसपीडीतही क्लीटचे दोन प्रकार आहेत, हे कोणी सांगत नाही. काळी एसएच५१ ही फक्त टाच बाजूला वळवली की सुटते. चंदेरी एसएच५६ ही बऱ्याच दिशांना सुटते, घाबरून पाय वर ओढला तरी बहुतेक वेळा सुटते. नवशिक्या बाईने मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चंदेरीच लावावी असं माझं ठाम मत आहे, 'मग चढावर पाय निसटेल' असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. एका बाजूला साधं आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असं पेडलही मिळतं, म्हणजे भाजी आणायला चपलेवर जाता येतं. त्याची एकच कटकट, सिग्नल सुटल्यावर हवी ती बाजू वर नसते. मला चाललं, माझ्या मैत्रिणीने आठवड्यात काढून टाकलं.

क्लीट धरून ठेवणाऱ्या पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू दोन्ही पेडलांना, दोन्ही बाजूंना, सगळ्यात कमी ताणावर आणून सुरुवात करा. क्लीट चवड्याच्या हाडाखाली, म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा लागतो त्याच्या रेषेत किंवा किंचित मागे. पुढे नको. बोल्ट लावण्याआधी ग्रीस लावा. समुद्राची हवा आणि जुलैचा पाऊस यांच्यात ते बोल्ट असे गंजतात की बोल्टमधली ॲलन कीची खाच घासून जाते आणि मग ड्रिलशिवाय क्लीट निघत नाही. ओले बूट उन्हात टाकू नका, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.

सराव सोसायटीच्या आवारात, भिंतीला हात टेकून. आणि डावा पाय आधी सोडायची सवय लावा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, तोल गेलाच तर फुटपाथकडे जावा, बसच्या चाकाकडे नाही. सिग्नल दिसला की सोडायचा, थांबल्यावर नाही.

आणि एक अप्रिय गोष्ट. तुमचं अंतर आणि तुमचा रस्ता पाहता चांगले पिनवाले (वर बूट धरून ठेवणारी बारीक टोकं असलेले) साधे पेडल आणि कडक सोलचे बूट यांनीही भागेल. क्लीटमुळे पेडल वर ओढून ताकद मिळते वगैरे जे सांगतात ते फुगवून सांगतात, असं माझं मत झालंय. मला क्लीट आवडते ती पाय जागेवर राहतो म्हणून, खड्ड्यातून उडाल्यावर पाय पेडलवरून घसरत नाही म्हणून. तुम्हाला त्यासाठी हवी असेल तर घ्या. ग्रुपमधले सगळे लावतात म्हणून घेऊ नका.

पेडल घरी बदलणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावलात तर क्रँकचा, म्हणजे पेडल ज्या दांडीत बसतं तिचा, आटा जाईल. पेडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघूनच लावा. जुनी पेडल भंगारात देऊ नका, सायकल दुसऱ्या कोणाला चालवायला द्यायची झाली की लागतात. पायाची लांबी, चवड्याची रुंदी आणि बजेट इथे टाका. कुठल्या तक्त्यात तुमचं माप बसतंय ते मी बघून सांगते, पण ऑर्डर तुमच्या हिमतीवर.