सार्वजनिक माहितीची जुळणी करताना

चोपड्याच्या एका सदस्यांनी विचारले आहे की, समाजाची गाववार सूची करताना मतदार यादी, सातबारा आणि वधू-वर परिचय पुस्तिका यांतील माहिती एका तक्त्यात आणली तर हरकत काय, कारण तिन्ही गोष्टी कोणालाही पाहता येतात. माझे स्पष्ट मत आहे की, ही जुळणी करू नये.

मतदार यादीत वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक आणि वय असते. सातबाऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र, पीक आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो. पुस्तिकेत जन्मतारीख, मामकुळ, मोबाईल क्रमांक आणि नोकरीचे गाव असते. हे सारे एका ओळीत आले की, यावल तालुक्यातल्या अमुक घरी सत्तरीतले दोघेच राहतात, मुलगा सुरतेला आहे आणि केळीच्या शेतावर कर्ज आहे, हे परक्या माणसाला घरबसल्या कळते. मग फोन येतो, ‘काका, गटावरचा बोजा कमी करायचा आहे, आलेला ओटीपी सांगा’; गट क्रमांक, कर्जाची रक्कम आणि मुलाचे नाव बरोबर निघाल्यावर काकांनी संशय तरी का घ्यावा?

नावे गाळूनही भागत नाही. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 साली मांडलेल्या अंदाजानुसार पिन कोडसारखा टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तिथली सुमारे 87 टक्के माणसे एकमेवपणे ओळखू येण्याजोगी होती. आपल्या लहान गावांत तर मामकुळ आणि जन्मवर्षही पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. मात्र 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या किंवा कायद्याने जाहीर कराव्या लागणाऱ्या माहितीला लागू होत नाही. त्यामुळे मतदार यादीच्या बाबतीत कायदा आपल्याला अडवेलच असे नाही, आणि म्हणूनच जबाबदारी आपली ठरते. पुस्तिकेचे तसे नाही: स्थळ पाहण्यासाठी पालकांनी दिलेला क्रमांक दुसरीकडे वापरण्याची परवानगी त्यांनी कधीच दिलेली नसते.

सूची हवीच असेल तर प्रत्येक घराला विचारून, नाव, गाव आणि त्यांनी स्वतः दिलेला एक क्रमांक एवढेच घ्यावे. संपूर्ण फाईल व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये, कारण एकदा पुढे गेलेली फाईल परत घेता येत नाही. लग्न जमले की परिचय पुस्तिकेतली त्या मुलीची नोंद काढून टाकावी, आणि सातबाऱ्याला तर हातही लावू नये.